शीवची बाग आणि तिचे नाव

उपनगरातून रिक्षाने मुंबईकडे निघालेल्या माणसास शीवपाशी खाली उतरावे लागते. तेथून पुढे रिक्षेला मज्जाव आहे. उरलेली वाट टॅक्सीने, बसने अथवा आगगाडीने चालावयाची. मुंबई शहर जिल्ह्याची हद्द येथे संपते आणि खाडी ओलांडली की उपनगर जिल्हा सुरू होतो. १९५० साली मुंबईचा पहिला विस्तार होईपर्यंत महापालिकेचे राज्यही याच परिसरापर्यंत होते. गावाच्या नावातच ही सारी हकीकत साठविलेली आहे. शीव म्हणजे हद्द. ग्रामदेवतेची पालखी जेथवर जाते आणि जेथून परतते ती रेषा. इंग्रजांच्या जिभेवर तिचे ‘सायन’ झाले आणि मुंबईकरांनीही ते उच्चार मुकाट्याने स्वीकारले. तथापि मूळ शब्द मेला नाही. तो अजून आपला अर्थ सांगत उभा आहे.

या शिवेवर पहारा देण्यासाठी बांधलेला एक लहानसा किल्ला स्थानकाच्या पूर्वेस एका शंकूसारख्या टेकडीवर आहे. टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेची बाग आहे. सकाळी तेथे फेऱ्या मारणारे वृद्ध असतात, संध्याकाळी मुलांचा गलबला असतो. परीक्षेच्या दिवसांत, ज्यांच्या घरी पुस्तक उघडण्यापुरतीही निवांत जागा नाही असे विद्यार्थी झाडाखाली बसलेले दिसावेत, अशीच ती जागा आहे. या बागेचे नाव पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान. ते नाव फाटकावर लिहिलेले आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते फाटकावरच राहते. आत जाणारा माणूस नाव वाचत नाही, वाचले तरी थबकत नाही. कारण नेहरूंच्या नावाच्या वास्तू या देशात इतक्या आहेत की त्या नावाने आता कोणाचे कुतूहल जागे होत नाही. खाडीपलीकडे कुर्ल्यास नेहरूनगर आहे, वरळीस नेहरू केंद्र आहे. आणखी एक बाग, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

नाव देण्याच्या तीन रीती

सार्वजनिक जागेला माणसाचे नाव कसे मिळते, हे पाहण्यासाठी शीवपासून फार दूर जाण्याची गरज नाही. दादरचे विस्तीर्ण मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा ते माहीम पार्क होते. १९२७ साली, तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवछत्रपतींच्या जन्मास तीनशे वर्षे होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. परकीय सत्तेच्या काळात, सत्तेने आखलेल्या मैदानावर, लोकांनी आपल्या राजाचे नाव घातले. त्या नामकरणात एक आग्रह होता, आणि त्या आग्रहामुळेच ते नाव मैदानाला चिकटले नाही तर रुजले.

दुसरी रीत माटुंग्याच्या पाच उद्यानांची. १८९६च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरली, १८९८ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने दादर, माटुंगा, शीव या भागांत रुंद रस्त्यांच्या व मोकळ्या जागांच्या नव्या वसाहती आखल्या. त्यांतील दादरच्या पारशी वसाहतीसाठी मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने खटपट करून मध्यमवर्गीय पारशांकरिता भूखंड राखून घेतले. पाच उद्यानांना त्यांचे नाव आहे. येथे नाव आणि जागा यांच्यात श्रमाचे नाते आहे. ज्याने वसविले त्याचे नाव त्या भूमीला मिळाले, इतकी ती गोष्ट सरळ आहे.

तिसरी रीत सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत रूढ. थोर पुरुष दिवंगत होतो, देश शोकाकुल होतो आणि गावोगावच्या पालिका आपापल्या बागांना, रस्त्यांना व दवाखान्यांना त्याचे नाव देऊन मोकळ्या होतात. या नामकरणामागे आदर नसतो असे नव्हे. परंतु त्या माणसाचा त्या जागेशी संबंध काय, हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. शीवच्या बागेचे नामकरण या तिसऱ्या रीतीतलेच वाटते. नेहरू शीवला राहिले नाहीत. त्यांनी ही वसाहत वसविली नाही. मग त्यांच्या नावाचे या टेकडीशी नाते कोणते?

नाते आहे. किंबहुना मुंबईतील नेहरूंच्या नावाच्या अनेक जागांपैकी क्वचितच एखादीस ते नाव इतके शोभत असेल. पण ते समजण्यासाठी आधी किल्ल्याचा आणि मग माणसाचा इतिहास पाहावा लागतो.

सरकलेली सीमा

मुंबईची बेटे १६६१ सालच्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. १६६९ ते १६७७ या काळात जेरॉल्ड आँजिए हा मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत शीवच्या टेकडीवर हा किल्ला उभा राहिला. टेकडीच्या दक्षिणेस इंग्रजांचे परळ बेट होते, उत्तरेस खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. किल्ला लहान होता, कारण त्याचे काम लढण्यापेक्षा पाहण्याचे अधिक होते. खाडीतून कोण येते, कोण जाते, हे त्याने टिपावयाचे होते.

पुढे पलीकडचा शेजारी बदलला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि शीवच्या पहारेकऱ्याला खाडीपलीकडे पोर्तुगीज निशाणाऐवजी भगवा झेंडा दिसू लागला. या घटनेने इंग्रजांची झोप किती उडाली असेल याची खूण जवळच धारावीत आहे. तेथील काळ्या किल्ल्याच्या भिंतीत, गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने १७३७ साली तो बांधल्याचा लेख आहे. ज्या वर्षी मराठे साष्टीत उतरले तेच हे वर्ष. जवळजवळ चार दशके शीव ही मराठी राज्याची आणि इंग्रजी मुंबईची सामाईक वेस होती. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली आणि किल्ल्यासमोरची सीमाच नाहीशी झाली.

सीमा गेली की सीमेवरचा किल्ला निरुपयोगी होतो. पहारेकऱ्याने जी खाडी न्याहाळली तिच्यावरून गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीव आणि कुर्ला जोडणारा बांधरस्ता झाला. तो १८०५ साली पुरा झाला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी याच टेकडीजवळून धावली. नगरसुधारणेच्या योजनेने शिवेवरच्या शेतांवर व बागायतींवर रस्ते आखले. १९४७ नंतर एक नवी सीमा देशाच्या छातीवर ओढली गेली आणि तिच्यामुळे निर्वासित झालेली पंजाबी व सिंधी कुटुंबे शीव-कोळीवाड्याच्या छावणीत येऊन राहिली. कोळीवाडा स्थानकाचे नाव पुढे गुरू तेगबहादूर नगर झाले. शीवने आपल्यावर पहारे पाहिले आणि आपल्या कुशीत परागंदा माणसेही घेतली. सीमा ही माणसांना अडविण्यासाठी आखलेली असते, पण माणसे शेवटी तिच्यावरच घरे बांधतात, हा या गावाचा इतिहास आहे.

किल्ल्यातला माळी

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘भारत छोडो’चा ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच पुढाऱ्यांची धरपकड झाली. गांधीजी आणि कार्यकारिणीचे सभासद यांना बोरीबंदर स्थानकावर आणून एका खास गाडीत बसविण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी मंडळींची रवानगी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात झाली. बोरीबंदरहून पुण्याकडे जाणारी कोणतीही गाडी शीवला वळसा घालू शकत नाही. ९ ऑगस्टच्या त्या सकाळी नेहरूंना नेणारी गाडीही या टेकडीजवळूनच मुंबईची शीव ओलांडून गेली. ज्या बागेला पुढे त्यांचे नाव मिळावयाचे होते तिच्या जागेवरून एक कैदी, आपण कोठे चाललो हे नक्की ठाऊक नसलेला, दुसऱ्या एका किल्ल्याकडे निघाला होता.

त्या किल्ल्यात नेहरू २८ मार्च १९४५ पर्यंत राहिले. तेथे १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी लिहिलेला आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मराठी वाचकांस ‘भारताचा शोध’ या नावाने परिचित आहे. हा ग्रंथ ज्या रीतीने सुरू होतो तिच्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. त्याच्या आरंभीच बाग येते. किल्ल्यात आल्यावर नेहरूंनी तेथे बाग करावयास घेतली. भर उन्हातही ते तासन्‌तास खणत असत. जमीन अगदीच वाईट होती. दगडगोटे आणि जुन्या इमारतींचा राडारोडा तिच्यात भरला होता. खणता खणता भिंतींचे अवशेष लागले, घुमटांचे माथे लागले, आणि एकदा भिंतीवर कोरलेले एक सुरेख कमळही हाती लागले. खोल खणणे अधिकाऱ्यांना पसंत नव्हते आणि तशी साधनेही कैद्यांजवळ नव्हती. फुलांच्या वाफ्यांसाठी हाती धरलेल्या कुदळीने इतिहासाचा पापुद्रा उचलला गेला. मग त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली. मोगलांपासून तो किल्ला राखणाऱ्या चांदबिबीची आठवणही त्यांनी तेथे काढली आहे.

एक किल्ला, त्यात एक बाग, आणि बागेच्या मातीखाली दडलेला भूतकाळ. नेहरूंच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा जन्म या तीन गोष्टींच्या संगमावर झाला. आता शीवकडे पाहावे. येथेही एक किल्ला आहे, त्याच्या पायाशी बाग आहे, आणि येथील मातीतही तीन सत्तांचा इतिहास दडलेला आहे. नामकरण करणाऱ्यांच्या मनात हा विचार असो वा नसो, शीवच्या बागेला नेहरूंचे नाव आदरापोटी मिळाले असले तरी ते अर्थापोटीही शोभते. शिवाय १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात, आपल्या रक्षेचा मोठा भाग विमानातून देशातल्या शेतांवर विखुरला जावा, अशी इच्छा या माणसाने व्यक्त केली होती. अशा माणसाची आठवण पुतळ्यापेक्षा गवताच्या हिरवळीत अधिक राहते.

नावाबरोबर येणारे उणेपण

तथापि नाव द्यावयाचे तर पुरते द्यावे. मुंबईच्या शिवेवर नेहरूंचे नाव घेताना एक कटू आठवण वगळता येणार नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी याच नेहरूंनी, मुंबई शहर केंद्रशासित राहील, असे आकाशवाणीवरून जाहीर केले. महाराष्ट्राच्या राजधानीभोवतीच एक शीव आखण्याचा तो निर्णय होता. गिरणगावापासून गिरगावापर्यंत आगडोंब उसळला, पोलिसांच्या गोळ्या सुटल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. १९५७च्या नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरू आले तेव्हा समितीने त्यांचे स्वागत काळ्या निशाणांनी केले.

आणि शेवटी नेहरूंनी आपले मत बदलले, अथवा बदलणे त्यांस भाग पडले. द्वैभाषिक मोडले, मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्या सोहळ्यास नेहरू स्वतः मुंबईत उपस्थित होते. लोकांच्या रेट्यापुढे नमणारा पंतप्रधान दुबळा, असे तेव्हा कोणी म्हटले असेल. परंतु ज्या लोकशाहीचा पाया त्याने घातला तिचे ते यशच होते. ज्या शहराने नेहरूंना काळी निशाणे दाखविली त्याच शहराने आपल्या बागेला त्यांचे नाव दिले. या दोन गोष्टींत विसंगती मानण्याचे कारण नाही. आपल्या थोर माणसांशी भांडावे आणि तरी त्यांस आपले म्हणावे, ही प्रौढ समाजाची रीत होय. ती शिकावयाची तर दोन्ही गोष्टी पुढच्या पिढीस ठाऊक हव्यात. केवळ आरती ओवाळणारा आणि केवळ फलक उतरवू पाहणारा, हे दोघेही तो इतिहास अर्धाच वाचतात.

आज या बागेत येणाऱ्या मुलास यांतले काय कळते? माथ्यावरचा किल्ला पडझडीने ग्रासलेला आहे. भिंतींवर प्रेमिकांनी आपली नावे कोरली आहेत. इतिहासाच्या पानावर आपले नाव यावे ही इच्छा त्यांनी अशी पुरी करून घेतली. खेदाची गोष्ट अशी की भारतीय पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाचे कार्यालय याच टेकडीच्या पायथ्याशी थाटण्यात आले, आणि तरीही डागडुजीचे काम २००९च्या सुमारास निधीअभावी रखडल्याचे लोकांना पाहावे लागले. बाग पालिकेची, किल्ला पुरातत्त्वाचा. पायथ्याचा माळी वर पाहत नाही आणि वरचा अधिकारी खाली पाहत नाही. शीव नाहीशी होऊन दोनशे वर्षे उलटली, पण टेकडीच्या मध्यावर दोन खात्यांनी एक नवी शीव आखली आहे, आणि तिच्यावर पहारा मात्र कोणाचाच नाही.

एक शिळा पुरे

लोकांना बागेत हवा हवी, झोपाळे हवेत, चालण्यास वाट हवी. इतिहासाची जरूर कोणाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. ज्या परिसरात धारावीसारखी दाट वस्ती हाकेच्या अंतरावर आहे, तेथे मोकळी जागा हेच मोठे दान होय आणि प्रत्येक झाडाखाली व्याख्यान ऐकविण्याचे कारण नाही. परंतु मोकळी जागा टिकते कशाने? शहराची भूक मोठी आहे. ज्या जागेची कोणास आठवण नाही, ती जागा पहिल्यांदा गिळली जाते. शिवाजी पार्क टिकले ते त्याच्याशी लोकांच्या भावना निगडित आहेत म्हणून. पाच उद्याने टिकली ती त्या वसाहतीला आपल्या संस्थापकाचा अभिमान आहे म्हणून. शीवच्या टेकडीच्या मागे असा अभिमान उभा करावयाचा असेल तर तिची कथा आधी लोकांच्या कानी पडली पाहिजे. स्मरण ही येथे चैन नाही. जागेचे ते कुंपण आहे.

यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. फाटकापाशी एक शिळा असावी आणि तिच्यावर साध्या मराठीत पंधरावीस ओळी असाव्यात. शीव या शब्दाचा अर्थ, आँजिएचा किल्ला, खाडीपलीकडचे पोर्तुगीज आणि मराठे, डंकनचा रस्ता, पहिली आगगाडी. त्याखाली ९ ऑगस्टची ती सकाळ, अहमदनगरच्या किल्ल्यातली बाग, आणि १९५६ ते १९६० या चार वर्षांचे भांडण व त्याचा शेवट. बागेतून माथ्यावर जाणारी वाट नीट व्हावी, ढळणारे दगड सावरावेत आणि दोन्ही खात्यांनी मिळून टेकडीचा कारभार एका नजरेने पाहावा. परिसरातील शाळांनी वर्षातून एकदा, चौदा नोव्हेंबरला म्हणा, मुलांना माथ्यावर नेऊन खाडी दाखवावी आणि तीनशे वर्षांपूर्वी येथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्यास काय दिसत होते ते सांगावे. मुले पुढचे प्रश्न स्वतःच विचारतील.

अहमदनगरच्या किल्ल्यात खोल खणण्यास अधिकाऱ्यांची हरकत होती. तेथे खणणारा कैदी होता आणि सत्ता परक्यांची होती. शीवच्या टेकडीवर अशी हरकत घेणारा कोणी नाही. बाग लोकांची आहे, किल्ला लोकांचा आहे, आणि नावही लोकांनीच दिलेले आहे. राहिले आहे ते थोडेसे खणणे.